बॅरिस्टर बाबासाहेब : तर्कशास्त्र, कायदा आणि चवदार तळ्याचा दावा

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपल्या वस्तीतल्या मुलांना तोंडपाठ असते. साताऱ्याची शाळा, गोणपाटाचे बसकर, अमेरिका, लंडन, महाड, नाशिक, पुणे, घटना, नागपूर. ओळीने सांगतात. पण काळ्या कोटातले बाबासाहेब, कोर्टात उभे राहणारे बॅरिस्टर आंबेडकर, त्या मानाने आपल्याला कमी ठाऊक आहेत. ते मोठे वकील होते एवढे आपण म्हणतो आणि पुढे जातो. वकिली म्हणजे नेमके त्यांनी काय केले, कोणत्या मुद्द्यावर कोण हरले, ते कुणी सांगत नाही. म्हणून विहाराच्या या स्मरणिकेत त्यांच्या जीवनाची तेवढी एकच बाजू मांडतो. ओघात थोडे तर्कशास्त्र येईल. वाचकांनी, विशेषतः आमच्या माता-भगिनींनी, त्या शब्दाला बिचकू नये. तर्क आपण रोज करतो. फक्त तो तपासून घेत नाही, इतकेच.

एक साधा नमुना घ्या. ज्याच्याकडे पास आहे तो लोकलमध्ये बसू शकतो. समोरचा माणूस लोकलमध्ये बसला आहे. म्हणून त्याच्याकडे पास आहे. ऐकायला बरोबर वाटते ना? पण वाशी ते सी.एस.टी. रोज जाणारा कोणीही हसेल. समोरच्याकडे साधे तिकीट असेल, किंवा तो बिनतिकीटही असेल! पहिली दोन्ही वाक्ये खरी असूनही तिसरे वाक्य त्यांच्यातून निघत नाही. तर्कशास्त्रात पहिल्या दोन वाक्यांना आधारविधाने म्हणतात आणि तिसऱ्याला निष्कर्ष. आकारिक तर्कशास्त्र एवढेच विचारते की आधारविधानांतून निष्कर्ष निघतो की नाही. आधारविधाने मुळात खरी आहेत का, न्याय्य आहेत का, हा प्रश्न वेगळा, आणि तो माणसाला स्वतःला विचारावा लागतो. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की कोर्टात चांगला दावाही बुडतो. बाबासाहेबांची गल्लत होत नसे. कधी पहिला प्रश्न विचारायचा आणि कधी दुसरा, हे त्यांना नेमके कळत होते.

ते हे शिकले कुठे? १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजींच्या पोटी जन्मलेल्या या मुलाला शाळेत संस्कृत शिकू दिले नाही. फारशी घ्यावी लागली. १९०७ साली मॅट्रिक, १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए., आणि १९१३ साली बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ. हा भाग सगळ्यांना माहीत आहे. कोलंबियात त्यांनी मुख्यतः अर्थशास्त्र केले, पण इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र यांच्याबरोबर तत्त्वज्ञानाच्या वर्गांनाही ते बसले. तिथे त्यांना प्राध्यापक जॉन ड्यूई भेटले.

ड्यूई हे त्या काळचे अमेरिकेतले फार मोठे तत्त्वज्ञ. माणूस विचार कसा करतो यावर त्यांचे एक पुस्तक १९१० सालीच निघाले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. विचार हवेतून सुरू होत नाही, अडचणीतून सुरू होतो. आधी अडचण जाणवते. मग ती नेमकी कुठे आहे हे शोधायचे. मग एखादा उपाय सुचतो. तो खरा धरला तर पुढे काय काय होईल ते मनाशी ताडून बघायचे. आणि शेवटी प्रत्यक्षात पारखून तो ठेवायचा किंवा टाकायचा. एखादी गोष्ट जुनी आहे म्हणून ती खरी, असे या रीतीत चालत नाही. पुढे १९२४ साली, म्हणजे बाबासाहेब मुंबईत वकिली करू लागले होते त्या सुमारास, ड्यूईंनी तर्कपद्धती आणि कायदा यांवरच एक निबंध लिहिला. न्यायाधीश आणि वकील वरून ठरीव नियम घेऊन यंत्रासारखे खाली निकालापर्यंत उतरत नाहीत. ते गुंतागुंतीच्या हकिकतीपासून निघतात आणि तिला लागू पडेल असा नियम शोधत जातात. म्हणून नियमाची किंमत त्याच्या परिणामांवरून ठरवली पाहिजे, असा त्या निबंधाचा रोख आहे. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या आपल्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये ड्यूईंचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. गुरूचे नाव घ्यायला ते कधी कचरले नाहीत.

कोलंबियातून १९१६ साली ते लंडनला गेले. अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली, परत यावे लागले. बडोद्याच्या नोकरीत काय झाले ते इथे उगाळत नाही. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, १९२० साली पुन्हा लंडन गाठले आणि २८ जून १९२२ रोजी ते बॅरिस्टर झाले. १९२३ च्या एप्रिलमध्ये मुंबईला आले तेव्हा पदव्या पुष्कळ होत्या, पण खिसा रिकामा होता. वकिलीची सनद काढायलाही पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली आणि जुलै १९२३ मध्ये मुंबई हायकोर्टात त्यांनी काम सुरू केले.

काम सुरू केले म्हणजे काय, तर काम मिळेना. हायकोर्टाच्या मूळ शाखेत बॅरिस्टरला पक्षकार थेट भेटत नसे, सॉलिसिटरने कागद द्यावे लागत. आणि सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरकडे कशाला येतील? तेव्हा बाबासाहेबांनी अपिलाची कामे आणि मुंबईबाहेरची जिल्हा कोर्टे धरली. परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांचे कार्यालय असे. गिरणीतले, गोदीतले, म्युनिसिपालिटीतले आपले लोक तिथे येत. घर चालवण्यासाठी १९२५ पासून १९२८ पर्यंत बाटलीबॉय यांच्या हिशेबनिसांच्या संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवत. ज्यांनी शिकवले आहे त्यांना कळेल, शिकवताना माणसाचे स्वतःचे मुद्दे घोटून घोटून स्वच्छ होतात.

१९२६ सालचा पुण्याचा खटला हा त्याचा पहिला गाजलेला नमुना. दिनकरराव जवळकरांनी ‘देशाचे दुश्मन’ नावाचे पुस्तक लिहिले. केशवराव जेधे प्रकाशक, बागडे वकिलांची प्रस्तावना. पुस्तकात टिळक आणि चिपळूणकर या दिवंगत पुढाऱ्यांवर अतिशय जहाल टीका होती. अब्रुनुकसानीची फिर्याद झाली आणि खालच्या कोर्टात मंडळींना शिक्षा झाली. अपिलात बाबासाहेब उभे राहिले. आता दुसरा एखादा वकील असता तर पुस्तकातले कोणते वाक्य खरे, कोणते खोटे, यावर तासन्‌तास बोलला असता, आणि सारे पुणे कोर्टाबाहेर जमून शिव्या देत राहिले असते. बाबासाहेबांनी कायद्याच्या शब्दांवर बोट ठेवले. मेलेल्या माणसाची अब्रू घेतली असे कायदा म्हणतो केव्हा? तर कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल तेव्हा. इथे फिर्यादी कोण? लांबचा नातेवाईक. जुन्या निवाड्याचा आधार त्यांनी दिला. अट पुरी होत नाही, म्हणून गुन्हा शाबीत होत नाही. सगळे आरोपी सुटले. बहुजन समाजाच्या चळवळीत बाबासाहेबांचे नाव वकील म्हणून झाले ते इथून.

आता महाड. सत्याग्रहाची हकिकत आपण दरवर्षी २० मार्चला ऐकतो, इथून पनवेलमार्गे गाड्या भरून महाडला जातोही. पण कोर्टातले महाड वेगळे आहे, आणि ते आपल्या नवी मुंबईकरांच्या फार जवळचे आहे. पनवेल, खारघर, कामोठे हा सगळा भाग तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातला, ज्या जिल्ह्याच्या बहिष्कृत परिषदेने सत्याग्रह केला तोच हा जिल्हा. १९८१ साली त्याचे नाव रायगड झाले. आणि वाशी, नेरूळ, ऐरोली ज्या ठाणे जिल्ह्यात येतात, त्या ठाण्याच्या कोर्टात या दाव्याचे पहिले अपील चालले.

आधी थोडी मागची हकिकत. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव आणला की सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. तो मंजूर झाला. महाडच्या म्युनिसिपालिटीने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे उघडे, प्रत्यक्षात बंद. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस या मंडळींनी परिषद भरवली आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या माणसांसह तळ्यावर जाऊन पाणी घेतले. मग मारहाण झाली, आणि नंतर पंचगव्य ओतून तळ्याचे म्हणे शुद्धीकरण! ऑगस्टमध्ये म्युनिसिपालिटीने आपला जुना ठराव मागे घेतला. बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह जाहीर केला.

तेव्हा सवर्ण मंडळी कोर्टात गेली. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लागला. पहिले प्रतिवादी भीमराव रामजी आंबेडकर. वादींचे म्हणणे असे की तळे चौधरी तळे आहे, स्पृश्यांचे आहे, अस्पृश्यांना तिथे जायचा हक्क नाही. दोनच दिवसांत कोर्टाने तात्पुरता मनाईहुकूम दिला.

हा प्रसंग मला सत्याग्रहाइतकाच मोठा वाटतो. २५ डिसेंबरला हजारो माणसे महाडला जमलेली. भाकरी बांधून, घरी निरोप देऊन आलेली. तुरुंगात जायची तयारी ठेवलेली. मार्चमध्ये डोकी फुटलेली माणसे त्यांत होती. आणि पुढाऱ्याच्या हातात कोर्टाचा हुकूम. मोडायचा की पाळायचा? कलेक्टरही समजावायला आला होता. बाबासाहेबांनी अखेर सत्याग्रह पुढे ढकलायचे ठरवले आणि ते एवढ्या जमावाला पटवून दिले. मुद्दा असा की आपली लढाई स्पृश्यांच्या अडवणुकीशी आहे. हुकूम मोडला तर ती सरकारशी होईल, आणि आपण कायद्याने मिळवलेला हक्क कायदा मोडून मागतो आहोत असे दिसेल. हुकूम तात्पुरता आहे, निकाल नव्हे. लोकांनी २७ तारखेला गावातून आणि तळ्याभोवती मिरवणूक काढली, पाण्याला हात लावला नाही आणि घरी गेले. घशाशी आलेला राग गिळून! अशी शिस्त त्या जमावाने पाळली. फेब्रुवारी १९२८ मध्ये तो मनाईहुकूम उठलाही.

त्याच परिषदेत २५ तारखेला मनुस्मृती जाळली गेली. तिचे अनेक अपराध आपण जाणतोच. पण तर्काच्या विषयात तिचा एक अपराध वेगळा काढून सांगितला पाहिजे. तिच्या दुसऱ्या अध्यायात अशी आज्ञा आहे की जो द्विज हेतुशास्त्राचा, म्हणजेच तर्कशास्त्राचा, आधार घेऊन श्रुती-स्मृतींचा अवमान करील त्याला सज्जनांनी बाहेर घालवावे. म्हणजे ब्राह्मणालासुद्धा का म्हणून विचारायची सोय नव्हती. बाबासाहेबांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये ही आज्ञा पुढे ठेवली आहे. शाळेत ज्याला संस्कृत नाकारले त्यानेच ती शोधून दाखवावी, हा काळाचा न्याय म्हणावा लागेल.

दाव्याकडे परत येऊ. महाडच्या कोर्टात तो साडेतीन वर्षे चालला आणि ८ जून १९३१ रोजी फेटाळला गेला. तळे म्युनिसिपालिटीचे ठरले. वादी ठाण्याला अपिलात गेले, तिथे ३० जानेवारी १९३३ रोजी हरले. मग हायकोर्ट. तोवर तळे आमच्या मालकीचे हा मुद्दा सोडून द्यावा लागला होता. उरला एकच मुद्दा, वहिवाट. तळे म्युनिसिपालिटीचे का असेना, पण अनादी काळापासून अस्पृश्य इथे पाणी भरत नाहीत, ही रूढी आहे आणि रूढी हा कायदा आहे, असे त्यांचे म्हणणे.

नीट बघा, यात एक उडी आहे. आजवर कुणी अस्पृश्य तळ्यावर गेला नाही, हे आधारविधान. म्हणून अस्पृश्यांना तिथे जायचा हक्क नाही, हा निष्कर्ष. पहिले वाक्य खरे धरले तरी दुसरे त्यातून निघते का? आपल्या सेक्टरमध्ये म्युनिसिपालिटीची बाग आहे. तुमच्या बिल्डिंगमधले कोणीच दहा वर्षांत तिथे गेले नसेल. कुणाला वेळ नाही, कुणाला गुंडांची भीती. म्हणून का बागेवरचा तुमचा हक्क गेला?

इथे आपल्याच परंपरेतल्या एका थोर आचार्याची आठवण येते. भगवान बुद्धांनंतर सुमारे हजार वर्षांनी आचार्य दिङ्नाग झाले, बौद्ध तर्कशास्त्राचे प्रवर्तक. हेतू, म्हणजे आपण देतो ते कारण, खरे की खोटे हे ओळखायला त्यांनी तीन कसोट्या घालून दिल्या. ज्याच्याविषयी बोलतो आहोत तिथे ते कारण असले पाहिजे. आपला निष्कर्ष जिथे लागू पडतो अशा दुसऱ्या ठिकाणी ते दिसले पाहिजे. आणि निष्कर्ष जिथे लागू पडत नाही अशा ठिकाणी ते अजिबात दिसता कामा नये. महाडच्या वादींचे कारण या तिसऱ्या कसोटीवर पडते. पाणी न भरणे हे जिथे हक्क नाही तिथे दिसते, तसे जिथे हक्क आहे तिथेही दिसते. ज्याच्या परसात विहीर आहे तो हक्क असूनही तळ्यावर जात नाही, आणि ज्याला काठीची भीती आहे तोही जात नाही. असे कारण म्हणजे हेत्वाभास, कारणाचा नुसता भास. कोर्टाने दिङ्नागांचे नाव घेतले नाही, घेण्याचे कारणही नव्हते. पण घसरण नेमकी तिथेच होती.

हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांच्यासमोर काम चालले. निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. पाणी घेतल्याच्या घटनेला दहा वर्षे व्हायला तीन दिवस कमी. त्या वेळी बाबासाहेब मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते आणि नुकतेच मुंबई विधानसभेवर निवडून आले होते.

कायद्याने रूढी मानायची तर ती अतिप्राचीन असावी लागते, नेमकी आणि अखंड असावी लागते, शिवाय वाजवी असावी लागते. आणि हे सगळे शाबीत करायची जबाबदारी रूढी सांगणाऱ्यावर. वादींनी देवळांच्या खटल्यांचे निवाडे पुढे केले होते. न्यायमूर्तींनी तो फरक स्वच्छ केला. देवळाच्या बाबतीत, दीर्घकाळच्या प्रथेवरून ते ठरावीक जातींसाठीच अर्पण केले होते असे समजायला जागा होऊ शकते, आणि मग आपला हक्क दाखवायचा बोजा अस्पृश्यांवर येऊ शकतो. पण तळ्याचे तसे नाही. पाण्याच्या साठ्याविषयी असे काही गृहीत धरता येत नाही. म्हणजे बोजा वादींवरच राहिला. आणि अनादी काळापासूनची म्हणावी अशी रूढी त्यांना शाबीत करता आली नाही. अपील फेटाळले. आपण जिंकलो.

पण हा निकाल पुरता वाचला पाहिजे, कारण खरी गोष्ट पुढे आहे. अशी रूढी शाबीत झाली असती तर ती वाजवी आहे का, लोकहिताविरुद्ध आहे का, हा प्रश्न आला असता. कोर्टाने तो उघडाच ठेवला, तिथपर्यंत जायची गरज पडली नाही म्हणून. म्युनिसिपालिटीच्या ठरावांचा कायदेशीर परिणाम काय, हाही प्रश्न तसाच राहिला. म्हणजे अस्पृश्यता बेकायदा आहे असे कोणी म्हटले नाही. या तळ्यापुरता वादींचा पुरावा अपुरा आहे, एवढेच म्हटले. शेजारच्या गावातल्या सवर्णांकडे जुनी कागदपत्रे भक्कम असती तर? तर त्याच तर्काने, त्याच निर्दोष पायऱ्यांनी, कोर्ट उलट्या निकालाला पोचू शकले असते. एका तळ्याला दहा वर्षे आणि तीन कोर्टे. देशात तळी किती? विहिरी किती?

बाबासाहेबांना ही मर्यादा आणखी एका खटल्यात दिसली होती. १९३४ साली संततिनियमनाचे पुरस्कर्ते र. धों. कर्वे यांच्यावर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातल्या प्रश्नोत्तरांबद्दल अश्लीलतेचा खटला झाला. बाबासाहेब त्यांच्या बाजूने उभे राहिले. वाचकांनी लैंगिक प्रश्न विचारले तर उत्तर त्याच विषयावर द्यावे लागणार, आणि विषयच अश्लील म्हणायचा असेल तर मासिकाने तो सोडून द्यावा असे म्हणावे लागेल. त्यांचा युक्तिवाद असा बिनतोड होता. तरी कर्वे हरले, दोनशे रुपये दंड झाला. न्यायाधीशाच्या मनातले पहिले विधान हलले नाही की पुढच्या पायऱ्या कितीही घट्ट बांधा, उपयोग नसतो.

लॉ कॉलेजात आणि त्याआधीही त्यांनी कायदा शिकवला. पुराव्याचा कायदा, मुदतीचा कायदा, मालमत्ता हस्तांतरण अशा विषयांवरची त्यांची टिपणे महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात आहेत. ज्यांची मुले एल.एल.बी. करीत आहेत त्यांनी तो खंड वाचनालयातून जरूर मिळवावा. भाषणातले बाबासाहेब वेगळे, टिपणातले वेगळे. इथे एकही जास्तीचा शब्द नाही. कोणी काय शाबीत करायचे, केव्हा, कशाने, एवढेच.

आणि मग घटना. हायकोर्टाने उघडा ठेवलेला प्रश्न मसुदा समितीच्या अध्यक्षाच्या टेबलावर आला असे म्हणायला हरकत नाही. तेराव्या कलमाने मूलभूत हक्कांच्या विरोधातले जुने कायदे रद्द ठरवले, आणि कायदा या शब्दात रूढी व वहिवाटही धरली. पंधराव्या कलमाने सरकारी पैशावर चालणाऱ्या किंवा लोकांसाठी अर्पण केलेल्या विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते यांवर जातीवरून कुणाला अडवता येणार नाही असे सांगितले. एवढ्या मोठ्या देशाच्या घटनेत तळे हा शब्द आला आहे! महाडच्या माणसाला तो वाचून काय वाटले असेल! आणि सतराव्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट केली. पंधरावे आणि सतरावे ही दोन्ही कलमे घटना समितीत २९ नोव्हेंबर १९४८ या एकाच दिवशी चर्चेला आली. आता चवदार तळ्याचा दावा पुन्हा लावून बघा. रूढी हजार वर्षांची असो, अखंड असो, कागदोपत्री शाबीत असो. निष्कर्ष निघत नाही, कारण रूढी चालेल हे पहिले विधानच काढून घेतले.

शाबितीचा बोजाही फिरला. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हे कायदा आला, ज्याचे नाव १९७६ नंतर नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. त्याच्या बाराव्या कलमात अशी तरतूद आहे की या कायद्याखाली गुन्हा ठरणारे कृत्य अनुसूचित जातीच्या माणसाबाबत झाले असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच केले असे कोर्टाने धरून चालायचे. तसे नव्हते हे शाबीत करायचे ते समोरच्याने. बाबासाहेब तेव्हा मंत्रिमंडळात नव्हते, १९५१ सालीच बाहेर पडले होते.

१९५२ च्या जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्मानाची एल.एल.डी. दिली. समारंभ ५ तारखेला होता. जुन्या गुरूंची भेट होईल अशी त्यांना आशा होती, पण ड्यूई १ जूनला वारले. न्यूयॉर्कहून माईसाहेबांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपले सारे वैचारिक जीवन या गुरूचे देणे असल्याचे कळवले.

शेवटच्या वर्षांत ते ज्या ग्रंथावर बसले होते तो ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’. आपल्या घरोघरी तो आहे. बुद्धवचन म्हणून जे सांगितले जाते ते सगळे खरोखर बुद्धांचे का, हा प्रश्न जिथे येतो तो भाग वकिलाच्या नजरेने वाचून पाहा. बाबासाहेब तिथे साक्षीपुराव्याची तपासणी करावी तसे बसलेले दिसतात. वचने लिहून ठेवलेली नव्हती. भाणक ती पाठ करून सांगत, म्हणजे पुरावा ऐकीव. सांगताना चूक होते याला आधार काय? तर खुद्द बुद्धांच्या हयातीत त्यांच्या नावावर भलतेच सांगितले गेल्याची पाच उदाहरणे त्यांनी सुत्तांतून काढून ठेवली आहेत. मग खरे ओळखायचे कसे? त्यांनी कसोट्या दिल्या. जे बुद्धीला आणि तर्काला धरून आहे ते बुद्धवचन मानावे. माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध नाही अशा चर्चेत बुद्ध पडले नाहीत. आणि जिथे खात्री होती तिथे त्यांनी ठामपणे सांगितले, जिथे नव्हती तिथे आपले मत म्हणून सांगितले. वंदनेला रोज बसणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी हा भाग दोनदा वाचला आहे?

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीच्या २६, अलीपूर रोडवरील घरी ते या ग्रंथाची प्रस्तावना हाताशी घेऊन बसले होते. त्याच रात्री झोपेत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ १९५७ साली छापून निघाला.